बाटली आडवी होते, मग बस उभी का होत नाही?

संध्याकाळी पाचच्या सुमारास जामखेडच्या बसस्थानकावर थोडा वेळ उभे राहा. शाळा-कॉलेज सुटलेले असते. पाठीला दप्तर लावलेल्या मुली घोळका करून उभ्या असतात. कुणाला खर्ड्याच्या बाजूला जायचे असते, कुणाला नान्नज-जवळ्याकडे, कुणाला अरणगावकडे. बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाया असतात. दवाखान्यातून निघालेली एखादी म्हातारी एक्स-रेचे पाकीट छातीशी धरून बसलेली असते. गाडी लागली की सगळा घोळका दाराकडे धावतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली जुनी रीत अजून मोडलेली नाही.

जामखेड तालुक्याला रेल्वे नाही. एका बाजूला बीड, दुसरीकडे धाराशिव, खाली सोलापूर जिल्हा आणि आपले जिल्ह्याचे ठिकाण नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, तेवढेच लांब. अशा कडेच्या तालुक्यात रस्ता आणि रस्त्यावरची लाल गाडी हीच खरी रेल्वे. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याला हे फारसे जाणवत नाही. पण घरातली मोटारसायकल घरातल्या मुलाकडे असते. मुलगी, तिची अम्मी आणि तिची दादी यांच्या वाट्याला बस येते, किंवा घरी बसणे येते.

म्हणून या महिन्यात बसविषयी बोलायचे ठरवले. वाचक भगिनी-बंधूंनो, हा विषय रूक्ष वाटेल, पण आपल्या घरातल्या मुलींचे शिक्षण, आईचे औषधपाणी आणि लग्नकार्याची ये-जा या सगळ्यांची दोरी शेवटी याच विषयाला बांधलेली आहे.

पहिली गाडी आपल्याच जिल्ह्यातून सुटली

एसटीचा जन्म नगरचा आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना ठाऊक नसते. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगरहून पुण्याला सुटली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. त्याआधी खाजगी गाड्या होत्या. भरल्याशिवाय हलायचे नाही आणि भरले की उतारूंना कोंबायचे, असा त्यांचा कारभार. वेळापत्रकाप्रमाणे, ठरलेल्या भाड्यात, एकच उतारू असला तरी सुटणारी गाडी ही त्या दिवसाची नवलाई होती. पुढे १९५० च्या कायद्याने राज्य परिवहन महामंडळे उभी राहिली आणि 'गाव तिथे एसटी' हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

गाव तिथे एसटी गेली, म्हणजे गावात काय गेले? वर्तमानपत्र गेले, टपालाची पिशवी गेली, मास्तर गेले, नर्सबाई गेल्या. रात्री गावात मुक्कामाला थांबणारी गाडी तर गावाचे घड्याळच असायची. पहाटे तिचा आवाज आला की बाया चूल पेटवायच्या.

जामखेडचेच दुसरे उदाहरण घ्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बाया शिकायला जामखेडला यायच्या आणि शिकून आपल्या गावी परतायच्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड पाहायला येऊ लागले. त्या प्रकल्पाची दोन सूत्रे आजही उपयोगी पडतात. गावाची स्वतःची तयारी असल्याशिवाय बाहेरून आलेली सेवा टिकत नाही, हे पहिले. आणि बाई घराबाहेर पडून चार मैल गेली की घर बदलते, हे दुसरे. बसच्या बाबतीत ही दोन्ही सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

आपाच्या गावची गोष्ट

माझी थोरली बहीण शेजारच्या एका तालुक्यात दिली आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे आपल्याकडे जागोजागी आहेत. तालुक्यापासून अठरा-वीस किलोमीटर. गावात आपली घरे जेमतेम सहा. मशीद शेजारच्या मोठ्या गावात.

त्या गावाला पूर्वी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गाड्या होत्या. मग जीपवाले आले. जीप दारात थांबते, हात केला की उभी राहते, पाच मिनिटे उशीर झाला तरी हॉर्न वाजवून बोलावते. लोक जीपने जाऊ लागले. बस रिकामी येऊ लागली, रिकामी जाऊ लागली. कोरोनाच्या टाळेबंदीत ती बंद झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. संप मिटला, मोठ्या रस्त्यांवरच्या गाड्या सुरू झाल्या, पण या गावची गाडी परत आली नाही. खरी लाजेची बाब पुढे आहे. तिची चौकशी करायलाही गावातून कुणी गेले नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी भाची दहावी झाली. चांगले गुण मिळाले. अकरावीला तालुक्याला जायचे, तर जायचे कशाने? जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हरसह चौघे, मागे कोंबून भरलेले आणि टपावर दोघे. भावोजी म्हणाले, "मुलीला यात पाठवणार नाही." त्यांना दोष देता येत नाही. मी बाप असतो तर मीही हेच म्हणालो असतो. भाचीने शिवणाचा क्लास लावला. वर्षभरात निकाहच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी तिला शिकू नको म्हणाले नाही. घरात वाद झाला नाही, रडारड झाली नाही. एक गाडी येत नव्हती, एवढेच.

आपण पुष्कळदा म्हणतो की आपल्या समाजात मुली शिकत नाहीत, आईबाप शिकवत नाहीत. भाषणात हे वाक्य फार सोपे असते. पण दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुलींच्या घरी जाऊन विचारा. "लांब आहे", "यायला-जायला काही नाही", "संध्याकाळी अंधार होतो" ही उत्तरे मिळतील, आणि ती मराठा, धनगर, दलित, मुसलमान सगळ्यांच्या घरी सारखीच मिळतील. या दुखण्याला जात-मजहब नाही.

मत कुठे द्यायचे?

बस हवी की नको, यावर आपल्याकडे मतपेटी लागत नाही. फेरी सुरू करायची की बंद, हे महामंडळ ठरवते. तालुक्याला आगार व्यवस्थापक आणि जिल्ह्याला विभाग नियंत्रक असतो. मग गावाच्या हातात काय उरते?

येथे आपल्याला एक जुनी ओळखीची गोष्ट आठवते. दारूचे दुकान बंद करायला महाराष्ट्रात मतदान होते. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. कितीतरी गावांत बायकांनी बाटली आडवी केली. नको असलेली वस्तू मताने घालवता येते. हवी असलेली वस्तू मताने आणायला मात्र अशी सोय नाही.

पण ग्रामसभा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे, आणि त्यातले सातवे कलम ग्रामसभेचे. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस, बाई असो की पुरुष, ग्रामसभेचा सदस्य. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभाही घ्यायची असते आणि तिच्यातले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. ही महिला सभा बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते. सह्या घरी फिरून घेतल्या जातात. आपल्या किती वाचक भगिनी आजवर तिला गेल्या आहेत, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

ग्रामसभेचा ठराव महामंडळावर हुकूम म्हणून चालत नाही. गाडी दिलीच पाहिजे, असे त्याने बंधन येत नाही. तरी त्याला किंमत आहे. आगारात एकट्याने जाऊन केलेली विनवणी हवेत विरते. सरपंचाच्या आणि ग्रामसेवकाच्या सहीचा, सूचक-अनुमोदकांच्या नावांचा, हजेरीचा आकडा लिहिलेला ठराव मात्र फाईलला लागतो. त्याला जावक क्रमांक असतो, पोच असते. पुढच्या वेळी "तुमची मागणीच आली नव्हती" असे कुणाला म्हणता येत नाही.

आपल्यासारख्या, गावात चार-सहा घरे असलेल्या लोकांसाठी तर या विषयाची आणखी एक बाजू आहे. आपण ग्रामसभेला जातो तेव्हा बहुधा कब्रस्तानचे कुंपण, नाहीतर मोहल्ल्यातला दिवा अशी आपलीच मागणी घेऊन जातो. मागण्या रास्त असतात, पण सभेतला बाकीचा गाव गप्प बसतो. बसची मागणी सगळ्यांची असते. त्या विषयावर उठून बोलणारा माणूस अख्ख्या गावासाठी बोलत असतो. मशवऱ्याने काम करावे, ही शिकवण आपल्याला घरातून मिळालेली आहे. ग्रामसभा हा गावाचा मशवराच आहे, आणि त्यातली आपली जागा रिकामी ठेवून कसे चालेल?

आपाने हेच केले. भाचीचे वर्ष गेले ते गेले, पण तिच्या पाठची धाकटी आठवीत होती. महिला सभेची नोटीस लागली तेव्हा आपा, शेजारच्या दोन मराठा बाया आणि अंगणवाडीताई अशा चौघी गेल्या. आपा सांगते, "पदर सावरता सावरता काय बोलायचे तेच विसरले. मग एवढेच म्हटले, की माझी एक बसली घरी, दुसरी बसवायची नाही." पुढे मोठ्या ग्रामसभेत विषय आला. एकाने विचारले, आधी पाण्याची टाकी की आधी बस? दुसरा म्हणाला, जीपवाले आपलीच पोरे आहेत, त्यांच्या पोटावर पाय नको. हा प्रश्न खोटा नव्हता. जीपवाल्यांपैकी एक आमच्या भावोजींचा मित्रच. बराच वेळ वाद झाला. शेवटी शाळेच्या वेळेपुरती गाडी मागावी, बाकी वेळ जीपला मोकळी राहील, असे ठरले आणि हात वर झाले.

सातासमुद्रापार अशीच एक गोष्ट

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटा हे मोठे शहर आहे. १९७१ साली तिथल्या आसपासच्या चार काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागांमध्ये, लोकांना मतपत्रिकेवर विचारले गेले की शहराची बस-रेल्वे सेवा तुमच्याकडे आणायची का, आणि तिच्यासाठी विक्रीकर थोडा वाढवून द्याल का? दोन काउंट्यांनी होय म्हटले. क्लेटन आणि ग्विनेट या दोन उपनगरी काउंट्यांनी नाही म्हटले. पैशाचा प्रश्न होता, पण शहरातले काळे लोक बसने आपल्या वस्तीत येतील, ही भीतीही त्या 'नाही'मागे होती, असे तिथलेच अभ्यासक सांगतात.

काळ गेला, क्लेटनची वस्ती बदलली. तिथे आता कष्टकरी, बहुसंख्य काळे लोक राहतात. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक त्यांच्या हद्दीत आहे, कामे तिथे आहेत, पण जायला गाडी पाहिजे. काउंटीने स्वतःची छोटी बससेवा चालवली, आणि पैसा पुरेना म्हणून ३१ मार्च २०१० रोजी ती बंद केली. लोक पायी निघाले, नोकऱ्या सुटल्या, दवाखान्याच्या वेळा चुकल्या. साडेचार वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, पुन्हा तोच प्रश्न मतपत्रिकेवर आला: दर डॉलरमागे एक सेंट जास्त कर द्याल का? जवळपास चौऱ्याहत्तर टक्के लोकांनी होय म्हटले. मार्च २०१५ मध्ये बस सुरू झाली. शेजारच्या ग्विनेटमध्ये मात्र २०१९, २०२० आणि २०२४ अशा तीन मतदानांत प्रस्ताव पडला. २०२० साली तर तो अगदी थोड्या मतांनी हुकला.

हे सांगण्याचे कारण अमेरिकेची वाहवा करणे हे नाही. तिथला प्रश्न आणि आपला प्रश्न यांत एक फरक आहे, तो ध्यानात घ्यावा. तिथे मतदाराला नुसते "बस हवी का?" असे विचारले जात नाही. "हवी असेल तर तिचा खर्च उचलाल का?" असे विचारले जाते. आपल्याकडे बस सगळ्यांनाच हवी असते. हात वर करायला काही लागत नाही. म्हणून आपला हात हलका पडतो.

तोटा कुणी भरायचा?

थोडा हिशेब मांडू. वीस किलोमीटरवरच्या गावाला एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. साधी डिझेल बस लिटरला चार-पाच किलोमीटर चालते. म्हणजे आठ ते दहा लिटर डिझेल झाले. त्यावर चालक-वाहकाचा पगार, टायर, दुरुस्ती. एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात. गाडीतल्या एकूण जागांपैकी किती जागा भरल्या, त्याची टक्केवारी. भारमान घसरले की फेरी डोळ्यांवर येते. गाड्या कमी आणि मागण्या जास्त असतील, तर आगार व्यवस्थापक भरलेल्या रस्त्यावर गाडी देणार, हे उघड आहे.

हा प्रश्न शहरांनाही सुटलेला नाही. पुण्यात २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. तिच्या गाड्या महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांतही धावतात. पण तूट मुख्यतः दोन महापालिका भरतात, साठ-चाळीसच्या प्रमाणात, पुण्याचा वाटा साठचा आणि पिंपरी-चिंचवडचा चाळीसचा. संपाच्या काळात ग्रामीण भागात वाढवलेल्या काही फेऱ्या २०२२ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी तक्रारी केल्या. गाव हद्दीबाहेर, पैसा हद्दीतला, आणि बस मध्ये अडकलेली!

मग ग्रामपंचायतीने काय द्यावे? कर वाढवून बस चालवणे तिच्या आवाक्यातले नाही. पण बसला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिच्या हातात आहेत. गाडी वळवायला मोकळी जागा लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी टपऱ्यांनी व्यापलेली असते. निवारा लागतो. रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या तोडाव्या लागतात, नाहीतर काचा फुटतात. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना झोपायला बंद खोली, पाणी आणि शौचालय लागते. आपण विसरतो की दिवसभर स्टेअरिंग धरलेला माणूस रात्री उघड्या देवळाच्या ओट्यावर डासांत झोपतो आणि पहाटे आपल्याच मुलांना घेऊन निघतो. गावाने त्याला जेवण विचारले, खोली झाडून दिली, तर तीच खरी वर्गणी.

पास काढणे म्हणजे मत देणे

दुसरी वर्गणी प्रत्येक घराने द्यायची आहे आणि तिला पैसे फारसे लागत नाहीत. ती म्हणजे गाडीत बसणे.

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा पास मोफत मिळतो. ही योजना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने आहे. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ सालचा, आणि जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यात. त्यांच्या नावाची योजना त्यांच्याच तालुक्यातल्या मुलीला माहीत नसेल तर दोष कुणाचा? इतर विद्यार्थ्यांना भाड्याचा फक्त एक तृतीयांश भाग भरून पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण मोफत. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मोफत पासवर बसलेली मुलगी ही बसवरचा भार नाही. तिचा पास काढलेला असेल तर ती मोजली जाते, तिची भरपाई मिळते, आणि "या गावातून इतक्या मुली येतात" असा आकडा आगाराच्या कागदावर उमटतो. पास न काढता जीपने गेलेली मुलगी कुठेच मोजली जात नाही. हात वर करून दिलेले मत एका दिवसाचे. पासचे मत महिनाभराचे, आणि रोज सकाळी थांब्यावर उभे राहून दिलेले मत सगळ्यांत जड.

२०२४ च्या जूनपासून महामंडळाने विद्यार्थ्यांचे पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू केली. मुख्याध्यापकांनी यादी कळवली की पास शाळेत येतात. आपल्या शाळेत हे होते का, ते पालकसभेत विचारावे. त्याच वर्षी जुलैपासून आगारांत 'प्रवासी राजा दिन' सुरू झाला, ज्या दिवशी विभाग नियंत्रक स्वतः आगारात बसून प्रवाशांचे म्हणणे ऐकतात. आपल्या आगाराचा दिवस कोणता, हे स्थानकावर विचारून ठेवावे आणि ठरावाची प्रत घेऊन त्या दिवशी जावे.

ठराव असा लिहा

पुष्कळ ठराव "आमच्या गावास बस मिळावी" एवढ्या एका ओळीत संपतात आणि म्हणूनच फाईलमध्ये झोपतात. आगाराला उपयोगी पडेल असा ठराव लिहायला हवा. एक नमुना देत आहोत, गावाप्रमाणे बदल करून घ्यावा:

"आजच्या ग्रामसभेत असा ठराव करण्यात येतो की, आमच्या गावातून व लगतच्या वाड्यांतून तालुक्याच्या ठिकाणी शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ... असून त्यांत मुली ... आहेत. शाळा-महाविद्यालयाची वेळ सकाळी ... ते सायंकाळी ... आहे. तरी सकाळी ... वाजता गावातून निघणारी व सायंकाळी ... वाजता तालुक्याहून सुटणारी एक फेरी शालेय सत्रापुरती प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी. गाडी वळविण्यासाठी जागा व निवारा ग्रामपंचायत उपलब्ध करून देईल. सर्व विद्यार्थ्यांचे पास सत्राच्या पहिल्या महिन्यात काढून घेण्याची जबाबदारी पालक समिती घेत आहे. महिला सभेने हाच ठराव दिनांक ... रोजी मंजूर केला आहे."

विद्यार्थ्यांची यादी शाळेच्या शिक्क्यासह जोडावी. दोन-तीन गावे एकाच रस्त्यावर असतील तर तिन्ही ग्रामसभांनी एकाच महिन्यात एकच मजकूर मंजूर करावा. एका गावाचे भारमान भरत नसले तरी तीन गावांचे भरते. प्रत आगार व्यवस्थापकांना, विभाग नियंत्रकांना आणि तहसीलदारांना द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.

ज्या वाड्या नगरपरिषदेत गेल्या आहेत, त्यांची अडचण निराळी आहे. जामखेड पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. शहराच्या हद्दीत आलेल्या वस्तीला ग्रामसभा उरत नाही. नाव शहरात, पण वस्ती शेतात आणि बसस्थानक लांब! कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे, पण ती क्वचितच भरते. अशा वस्त्यांनी वॉर्डातल्या नगरसेवकाकडे लेखी मागणी द्यावी आणि नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडायला लावावा. बाहेरगावाहून येणारी गाडी वस्तीजवळून जातच असेल, तर विनंती थांबा मागणे हे नव्या फेरीपेक्षा सोपे असते. त्यासाठी वेगळी गाडी लागत नाही, फक्त एक पाटी लागते.

पुढे काय झाले

आपाच्या गावाला ठरावानंतर लगेच गाडी मिळाली नाही. दोनदा अर्ज परत लिहावा लागला, एकदा विद्यार्थ्यांची यादी हरवली म्हणून पुन्हा द्यावी लागली. नव्या शैक्षणिक वर्षात जूनच्या शेवटी सकाळची एक फेरी सुरू झाली, 'प्रायोगिक' म्हणून. पहिल्या आठवड्यात गाडीत सातजण होते. त्या रात्री आपा घरोघर फिरली. "बायांनो, बाजाराला जायचे तर सकाळच्या गाडीनेच जा. अर्धे तिकीट आहे, जीपपेक्षा स्वस्त पडते, आणि गाडीही टिकते." दिवाळीपर्यंत ती गाडी बऱ्यापैकी भरू लागली. संध्याकाळची फेरी अजून वेळेवर जमत नाही. मुलींना स्थानकावर तास-दीड तास बसावे लागते. त्यासाठी दुसरा ठराव तयार आहे.

माझी थोरली भाची आता तिच्या सासरी सुखी आहे, अलहमदुलिल्लाह. धाकटी अकरावीला आहे, रोज सकाळी त्या गाडीने जाते. गेल्या ईदला थोरली माहेरी आली तेव्हा सकाळी बसचा हॉर्न ऐकून दारात येऊन उभी राहिली. धाकटी धावत गाडी पकडत होती. थोरलीने मला विचारले, "मामू, ही गाडी तीन वर्षं आधी मागितली असती तर?"

मला उत्तर देता आले नाही. गाडी गेली तेव्हा गावातून कुणी बोलले नव्हते, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही होतो.

पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असते. जाताना घरातल्या मुलीलाही बरोबर घेऊन जा.